दोष आढळला नाही

नव्या दूरचित्रवाणी संचाविषयीच्या ज्या तक्रारी पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक टापूतून दुरुस्ती-केंद्राच्या दफ्तरी रुजू होतात, त्यांपैकी बहुतेकींचा मजकूर थोड्याफार फरकाने एकच असतो : संच नवा आहे, त्याच्या खोक्यावर ‘फुल एचडी’ अशी ठळक अक्षरे आहेत, किंमतही पुरेपूर मोजली आहे, आणि असे असूनही चित्र मात्र अडगळीत टाकलेल्या जुन्या डब्यापेक्षा पुसट, पसरट आणि डोळ्यांना त्रासदायक दिसते. अशा तक्रारीचा तपास करण्यास गेलेला कारागीर विद्युत्दाब मोजतो, पडदा कोठे तडकला अथवा डागाळला आहे काय ते न्याहाळतो, जोडण्या हलवून पाहतो, आणि सर्व यथास्थित आढळल्यावर तक्रारपत्रकाच्या शेवटच्या रकान्यात ‘दोष आढळला नाही’ असा शेरा लिहून ग्राहकाची सही घेतो. हा शेरा कागदोपत्री निर्विवाद खरा असतो. परंतु ज्या माणसाने आपल्या डोळ्यांनी वाईट चित्र पाहिले आहे, त्याचेही म्हणणे तितकेच खरे असते. या दोन सत्यांच्या मधल्या जागेत माझ्या नोकरीचा उत्तरार्ध गेला, आणि त्या जागेत नेमके काय दडलेले असते ते कोणी तरी सविस्तर सांगितले पाहिजे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

मी या व्यवसायात आलो तेव्हा आमच्याकडे चित्र सिंहगडावरून येत असे. मुंबईचे दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, पुढच्याच वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभे राहिले, आणि पुण्याबरोबर पिंपरी, आकुर्डी, भोसरी, निगडी हा सारा मुलूखही त्या प्रक्षेपणाच्या छत्राखाली आला. कामगार-वसाहतींच्या छपरांवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे ॲन्टेना दक्षिणेकडे, गडाच्या दिशेने, तोंड करून ओळीने उभे असत. ज्या 1982 साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, त्याच साली दिल्लीच्या एशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने देशातील दूरचित्रवाणीला रंग आले; आणि त्यानंतर काही वर्षांनी आयटीआयचा रेडिओ-टेलिव्हिजन मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा करून मी चिंचवडच्या एका दुरुस्ती-केंद्रात उमेदवार म्हणून लागलो.

त्या काळातील दोष स्वभावाने उघड असत. ॲन्टेनाचे तोंड फिरले की पडद्यावर मुंग्या येत. एखाद्या टेकडीवरून अथवा उंच इमारतीवरून लहरी परावर्तित होऊन किंचित उशिरा पोहोचल्या की वृत्तनिवेदिकेच्या शेजारी तिचीच फिकट दुसरी आकृती उमटे. आणि भोसरीच्या शेडमध्ये कोणी वेल्डिंग सुरू केले की त्या ठिणग्यांच्या लयीत शेजारच्या घरातील चित्रावर आडव्या रेघा उडू लागत. लहरी क्षीण होत तसतसे चित्रही क्रमाक्रमाने क्षीण होई, आणि अनुभवी कारागिराला नुसत्या चित्राकडे पाहून व्याधीचे मूळ सांगता येई. याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रक्षेपण आणि संच ही दोन्ही एकाच मापाने घडलेली होती. चित्र 625 रेघांचे, त्यांतील 576 रेघा प्रत्यक्ष दृश्याच्या. केंद्रातून निघत तेवढ्याच रेघा नळीच्या काचेवर उमटत, आणि संचाला आपल्या पदरचे काहीही घालावे लागत नसे.

पुढे ही एकवाक्यता मोडली, आणि ती मोडल्याची वर्दी ग्राहकाला कोणीच दिली नाही, हे माझ्या मते आजच्या निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ आहे. ऑक्टोबर 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वेळी दूरदर्शनने एचडी प्रक्षेपण केले. 31 मार्च 2013 ही केबलच्या सक्तीच्या डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्याची मुदत होती आणि त्या टप्प्यात आमचे शहर येत असल्यामुळे घरोघरी सेट टॉप बॉक्स बसले. 2016 च्या सुमारास मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्याही निघाल्या. परंतु या सर्व काळात नळीचे संच दुकानांतून नाहीसे होत गेले होते, आणि ज्याला संच घ्यावयाचा त्याला चपटाच घ्यावा लागत होता. परिणामी काच प्रत्येक घरात नवी झाली; तिच्यामागून येणारा पुरवठा मात्र असंख्य घरांत जुन्याच मापाचा राहिला.

या दोन मापांतील अंतर किती आहे, हे एकदा आकड्यांत मांडले की पुष्कळ गोष्टींचा उलगडा आपोआप होतो. जुन्या मापाच्या डिजिटल चित्रात आडवे 720 आणि उभे 576 असे एकंदर 4,14,720 बिंदू असतात; फुल एचडी पडद्यावर 1,920 गुणिले 1,080, म्हणजे 20,73,600 बिंदू असतात. हे बरोबर पाचपट झाले. आणि ज्याला ‘फोर के’ म्हणतात त्या पडद्यावर तर बरोबर वीसपट. याचा अर्थ असा की, साध्या वाहिनीचे चित्र फुल एचडी पडद्यावर आले की दर पाच बिंदूंमागे एकाच बिंदूपुरता मजकूर बाहेरून आलेला असतो, आणि बाकीचे चार संचाला शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने भरून काढावे लागतात. अनुमान कितीही कौशल्याने केले तरी पडदा जेवढा मोठा तेवढे ते अधिक उघडे पडते. त्यात भर अशी की, जुन्या पद्धतीत प्रत्येक चित्र एकदा विषम रेघांचे आणि एकदा सम रेघांचे, अशा दोन हप्त्यांत पाठविले जाते. नळी ते तसेच उमटवीत असे, पण नव्या पडद्याला ते दोन्ही हप्ते जुळवून एक सलग चित्र करावे लागते, आणि ही जुळवणी हलक्या प्रतीची असली की कबड्डीतील चढाई करणाऱ्या खेळाडूच्या हातापायांच्या कडांना करवतीसारखे दाते दिसू लागतात.

गुरुवार हा आमच्या टापूतील बहुतेक कारखान्यांच्या साप्ताहिक सुटीचा दिवस, आणि सबब तोच आमच्या धावपळीचा दिवस. कारण एरवी पाळ्यांमुळे ज्यांच्या दाराला कुलूप असते ती माणसे त्या दिवशी घरी सापडतात. भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल, चिंबळी, कुरुळी असा नाशिक रस्ता धरून, नव्या कोऱ्या मोटारी लादलेल्या कंटेनरांच्या मागे रखडत चाकणच्या तळेगाव चौकात पोहोचावयाचे, आणि तेथून खराबवाडी, महाळुंगे, निघोजे अशा गावांच्या अंगाला वळावयाचे, हा क्रम ठरलेला असे. जमिनी औद्योगिक वसाहतीकरिता संपादित झाल्यावर उरलेल्या गुंठ्यांवर तेथील शेतकऱ्यांनी खोल्यांच्या ओळी बांधल्या, आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेश, तसेच थेट बिहारपर्यंतच्या मुलखातून आलेल्या कामगारांनी त्या भरून गेल्या. दहा बाय दहाची खोली, एका कोपऱ्यात गॅस, दुसऱ्या कोपऱ्यात दुमडलेल्या गाद्या, आणि समोरच्या भिंतीवर बहुतेकदा छताजवळ टांगलेला संच; अशा खोल्यांतून मी या व्यवसायाविषयी जे शिकलो ते कोणत्याही प्रशिक्षणवर्गात मला शिकावयास मिळाले नाही.

त्यांपैकी एका खोलीतील तक्रार मी येथे विस्ताराने सांगतो, कारण तिच्यात जवळजवळ सगळी कारणे एकत्र आली होती. राहणारा तरुण बीडच्या बाजूचा, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर होता, आणि त्याने हप्त्याने 43 इंची फुल एचडी संच घेतला होता. मी दारात पोहोचताच त्याने रिमोट माझ्या हातात दिला.

“काका, दुकानात लई भारी दिसत होता. पानावरचा थेंब न् थेंब मोजता येत होता. इथं आणला, तर माणसाचं तोंडसुद्धा नीट दिसंना गेलंय. मला दुसराच पीस दिला का हो?”

दुकानात पाहिलेला नग एक आणि घरी आलेला दुसरा, ही शंका मी पुष्कळ घरांत ऐकलेली आहे, आणि ती गैर आहे असे मी कधीही म्हणणार नाही. आपल्या घामाच्या पैशाने घेतलेली वस्तू फसवी निघाली असे वाटणाऱ्या माणसाला दुसरे काय सुचावे? मी त्याला म्हटले, “थांब जरा. आधी संच खरा की खोटा ते बघू, मग बाकीच्यांची झडती घेऊ.” माझ्यापाशी एका पेन ड्राइव्हवर, ज्याची गुणवत्ता मला पूर्णपणे माहीत आहे, असे पाच-सात मिनिटांचे एचडी चित्रण नेहमी असे. ते मी संचाच्या मागील खाचेत लावून सुरू केले. बाहेरचा कोणताही पुरवठा मध्ये नसल्याने आता जे दिसेल ते केवळ संचाचे कर्तृत्व असणार होते. आणि जे दिसले ते इतके स्वच्छ होते की, रात्रपाळी करून भिंतीकडे तोंड करून निजलेला त्याचा सोबती उठून बसला. तपासाची ही पहिली पायरी मी सर्व नवशिक्या कारागिरांना आग्रहाने सांगत आलो आहे : प्रथम निश्चित माहीत असलेला नमुना दाखवून संचाची साक्ष काढावी, आणि त्यानंतर पुरवठ्याच्या मार्गाने एकेक मुक्काम मागे जावे. या क्रमाने गेले की अंधारात चाचपडण्याचे कारण उरत नाही.

पहिल्या मुक्कामावर सेट टॉप बॉक्स होता, आणि तो लाल, पांढऱ्या व पिवळ्या पिनांच्या जुन्या वायरीने संचाला जोडलेला होता. यांपैकी लाल आणि पांढरी पिन ध्वनीची; सगळे चित्र एकट्या पिवळ्या पिनेतून येते, आणि तेथे उजेड आणि रंग हे दोन्ही मजकूर एकाच तारेत मिसळून पाठविलेले असल्यामुळे पलीकडे ते पूर्णपणे वेगळे करता येत नाहीत. मालिकेत एखाद्या बाईने बारीक चौकडीचे इरकली लुगडे नेसलेले असले की त्या चौकडीवर नसलेले इंद्रधनुषी रंग खेळताना दिसतात, ते याच मिसळीमुळे. शिवाय त्या तारेतून जुन्या मापाखेरीज दुसरे चित्र जाऊच शकत नाही. बॉक्सला एचडीएमआयची खाच होती. वायर मात्र बसविणाऱ्याने दिलेली नव्हती. माझ्या पिशवीतील वायर लावल्याबरोबर रंग स्थिरावले आणि अक्षरांच्या कडा सुधारल्या, तथापि पानावरचा थेंब काही दिसेना. रिमोटवरील माहितीचे बटण दाबले तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात 576 हा आकडा उमटला. म्हणजे वाट रुंद झाली होती, पण बॉक्स अजून जुनेच माप पाठवीत होता. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते 1080 केले. तरीही वाहिनी मऊ आणि धुरकटच राहिली, कारण ती वाहिनी मुळातच साधी होती : त्याने घेतलेल्या पॅकमध्ये एकही एचडी वाहिनी नव्हती.

येथे पैशाचा प्रश्न आला, आणि तो टाळून पुढे जाणे मला कधीच प्रशस्त वाटलेले नाही. 1 फेब्रुवारी 2019 पासून दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे जे नवे दरपत्रक अमलात आले, त्यात कर वगळून 130 रुपयांच्या मूळ आकारात शंभर साध्या वाहिन्यांची तरतूद होती, आणि एक एचडी वाहिनी ही दोन साध्या वाहिन्यांबरोबर धरली जाई, वर सशुल्क वाहिनीची किंमत वेगळी. दरमहा घरी पैसे पाठविणाऱ्या माणसाने सगळ्या वाहिन्या एचडी घ्याव्यात, असे सांगण्याचा अधिकार मला कोणी दिला? मी त्याला इतकेच विचारले की, तुम्ही खरोखर रोज काय पाहता. दोघा-तिघांनी आपसांत विचार करून एक मराठी मालिकांची आणि एक क्रिकेटची वाहिनी सांगितली. केबलवाल्याला फोन करून तेवढ्या दोन वाहिन्यांची एचडी आवृत्ती सुरू करून घेतली, त्यांच्या साध्या आवृत्त्या बंद करविल्या, आणि अर्ध्या तासाने खोलीतील सर्वजण जे चित्र पाहत होते ते दुकानातील चित्राच्या अगदी जवळ जाणारे होते. बाकीच्या वाहिन्या तशाच राहिल्या. परंतु आता त्या तशा का दिसतात हे त्यांना ठाऊक होते.

निघण्यापूर्वी त्या तरुणाने मला एक प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर देताना मला स्वतःला फार समाधान झाले. “मग गावाकडं जुन्या डब्यावर हेच चॅनल चांगलं कसं दिसतंय?” सामान्य निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा लहान कोनातील दोन बिंदू वेगळे ओळखता येत नाहीत. 21 इंची नळीच्या संचावर 576 रेघा सुमारे तीस सेंटिमीटर उंचीत बसलेल्या असतात. साधारण सहा फुटांवर बसलेल्या माणसाला त्या वेगवेगळ्या दिसत नाहीत, आणि चित्र सलग वाटते. त्याच 576 रेघा 43 इंची पडद्यावर साडेत्रेपन्न सेंटिमीटरांत ताणल्या जातात, आणि तेव्हा त्यांची उणीव डोळ्यांआड होण्यासाठी दहा फुटांहून अधिक अंतर लागते. दहा बाय दहाच्या खोलीत ते आणावयाचे कोठून? उलट एचडी चित्राला त्याच पडद्यावर साडेपाच-सहा फूट पुरतात, आणि तेवढे अंतर त्या खोलीत होते. म्हणजे ज्याच्यापाशी जागा कमी, त्यालाच एचडी पुरवठ्याची गरज अधिक. दिवाणखाना मोठा असलेल्या घरांत हीच उणीव अंतरामुळे झाकली जाते.

हेच गणित मी एकदा निगडी-प्राधिकरणातील एका निवृत्त गृहस्थांना सांगत होतो. त्यांची सारी हयात पिंपरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात गेलेली. मी बोलणे पुरे करण्याआधीच ते म्हणाले, “म्हणजे जॉब तोच आहे, गेज बारीक आलं.” त्यांच्या एका वाक्यात माझे अर्धे व्याख्यान संपले, आणि तेव्हापासून या टापूत, जेथे दर चार घरांमागे एकाने तरी व्हर्निअर हाती धरलेला असतो, मी तेच वाक्य वापरीत आलो.

त्यांच्या घरातील दोष मात्र निराळ्या जातीचे होते. वाहिन्या एचडी, जोडणी एचडीएमआयची, सर्व काही योग्य; पण संच पहिल्यांदा सुरू करताना ‘घर’ की ‘दुकान’ असा जो प्रश्न पडद्यावर येतो, त्याला बसविणाऱ्याने घाईत ‘दुकान’ असे उत्तर दिलेले होते. दुकानातील झगझगीत प्रकाशात शेजारच्या संचांहून उठून दिसण्यासाठी त्या अवस्थेत मागील दिवे पूर्ण शक्तीने जळतात, रंग भडक होतात आणि पांढऱ्यात निळा मिसळतो. संध्याकाळी घरच्या मंद उजेडात त्याच चित्राने डोळे दुखू लागतात. भरीला ‘शार्पनेस’ शेवटच्या टोकाला नेलेला होता. या सोयीने चित्रात नवा तपशील येतो असा समज सार्वत्रिक आहे, परंतु तिने केवळ प्रत्येक कडेला एक फिकट किनार चढते, आणि किनारीमुळे तपशिलाचा भास होतो. चांगल्या पुरवठ्यावर ती खाली आणली की चित्र क्षणभर मवाळ वाटते, आणि दोन दिवसांनी पूर्वीचे चित्र पाहवत नाही. खरखर पुसून टाकणारी सोय जोरात असली की त्वचेवरील सुरकुत्याही पुसल्या जातात, आणि वृद्ध नटांचे चेहरे निर्जीव दिसतात. हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू असली की सेकंदाला चोवीस चित्रांच्या चित्रपटात संच मधली चित्रे स्वतः रचून घालतो, आणि चित्रपटाची सारी शान जाऊन तो घरगुती चित्रणासारखा वाटू लागतो. मी या दोन्ही बंद करून देत असे, आणि आजही तोच सल्ला देतो. जवळजवळ चौरस मापाचे जुने कार्यक्रम ताणून पडदा भरण्याची हौस, जिच्यामुळे माणसे बुटकी आणि रुंद दिसतात, ही तर सोडूनच द्यावी. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या म्हणजे काही वाया गेले असे नव्हे. तळाची बातम्यांची पट्टी अर्धी कापली जात असेल, तर संच चित्राच्या कडा छाटून उरलेले ताणतो आहे असे समजावे, आणि चित्र जसेच्या तसे दाखविणारी निवड करावी. ही एकच निवड एचडी चित्राला लक्षणीय धार आणते.

पावसाळा आला की तक्रारींचे स्वरूप पालटे. चित्र फुटते, चौकोन चौकोन पडतात, आवाज तुटतो. ही डीटीएच घेतलेल्या, म्हणजे छतावरच्या छत्रीने थेट उपग्रहाकडून प्रक्षेपण घेणाऱ्या घरांची गाऱ्हाणी. सुमारे 36,000 किलोमीटरवरून येणाऱ्या या लहरी इतक्या आखूड असतात की दाट पावसाच्या थेंबांत त्यांची शक्ती शोषली जाते, आणि मुसळधार सरीत काही मिनिटे चित्र जाणे याला उपाय नाही. परंतु रिमझिमीतही चित्र फुटू लागले, तर दोष छत्रीचा आहे असे खुशाल समजावे. दोन फूट व्यासाच्या छत्रीचे तोंड जेमतेम दीड अंशाने ढळले तरी तिच्या वाट्याला येणारी शक्ती निम्म्यावर येते. आणि पत्र्याच्या शेडवर दोन स्क्रूंनी अडकविलेली छत्री वाऱ्याने तेवढी ढळण्यास वेळ लागत नाही. डिजिटल चित्र जुन्यासारखे हळूहळू बिघडत नाही. शक्ती पुरेशी असेतोवर ते निर्दोष दिसते आणि मर्यादा ओलांडली की एकदम कोसळते. त्यामुळे उन्हाळ्यात काठावर असलेल्या छत्रीची कोणालाच कल्पना नसते. केबलच्या घरांत हेच काम गंजलेल्या जोडण्या आणि एका वायरीतून चार खोल्यांना वाटे पाडणारे स्वस्त स्प्लिटर करतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चित्रपट पाहणाऱ्यांना तर मी एवढेच सांगे की, सुरुवातीचे पुसट चित्र हा संचाचा दोष नव्हे. इंटरनेटची गती कमी असली की तिकडूनच हलक्या प्रतीचे चित्र पाठविले जाते.

सगळेच दोष बाहेरचे असतात, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कोणी घेऊ नये. उभी रंगीत रेघ, एका बाजूला पडलेला काळोखा डाग, मागच्या दिव्यांच्या पट्टीतील एखादा दिवा जाऊन आलेली सावली, बाजूने पाहताच फिकटणारे हलक्या पडद्याचे रंग; हे संचाचेच आहेत, आणि पेन ड्राइव्हवरील नमुन्यातही ते जसेच्या तसे दिसतात. असे दोष मुदतीच्या आत आढळले तर ग्राहकाने तिळमात्र भीड न बाळगता आपला हक्क मागावा.

तक्रारपत्रकावरील शेऱ्याविषयी मात्र मला माझ्या एका वरिष्ठांशी वाद घालावा लागला. संच निर्दोष असेल तर ‘दोष आढळला नाही’ एवढेच लिहावे, अधिक खुलासा करू नये, वायर बदलणे आणि बॉक्सचे सेटिंग पाहणे हे आपल्या कक्षेत येत नाही, असा केंद्राचा दंडक होता. आणि दिवसाला ठरावीक तक्रारी निकालात काढावयाच्या असल्याने त्या दंडकामागे हिशेबही होता. मी म्हटले की, ज्या माणसाने चित्रासाठी पैसे मोजले त्याला आपण पडद्याच्या आरोग्याचा दाखला देऊन परत पाठवितो, आणि तोच माणूस आठवड्याने पुन्हा तक्रार नोंदवितो. मग आपला कोणता वेळ वाचला? त्यांनी तोंडी संमती दिली, लेखी दिली नाही. तेव्हापासून मी त्या शेऱ्याखाली दुसरी ओळ लिहू लागलो : पुरवठा कोणत्या मापाचा आहे, जोडणी कोणती आहे, आणि ग्राहकाने कोणाकडे काय मागावे. माझ्या हाताखाली शिकलेली काही मुले आज स्वतंत्र धंदा करतात, आणि त्यांच्या पावत्यांवर ती दुसरी ओळ असते, हे मी स्वतः पाहिले आहे.

आमच्या भागातील दुकानदारांना माझी विनंती आहे की, फुलांचे आणि धबधब्यांचे नमुना-चित्रण दाखवून झाल्यावर त्याच संचावर एक साधी वाहिनीही गिऱ्हाइकाला दाखवावी, आणि घरी केबल आहे की छत्री, पॅक कोणता आहे, पाहणारा किती फुटांवर बसणार आहे, एवढे तीन प्रश्न पावती फाडण्यापूर्वी विचारावेत. एखादे गिऱ्हाईक 43 ऐवजी 32 इंची संच घेऊन जाईल. पण ते तक्रार घेऊन परत येणार नाही. आणि ज्यांनी संच घेऊन ठेवला आहे व चित्रावर ज्यांचा जीव नाराज आहे, त्यांनी आमच्या केंद्राला फोन करण्याआधी संचाच्या मागे हात घालून पाहावे : तेथे पिवळी पिन असेल, तर ती आजच काढावी.